खाज, लाज आणि एक ता. क.

पत्र :

डॉक्टर, माझं वय ३६. एक मुलगी आहे. गेल्या आठ महिन्यांत तिसऱ्यांदा तोच त्रास होतोय. खाली प्रचंड खाज, लघवी करताना आग, आणि अंगावरून पांढरं घट्ट जातं, चोथ्यासारखं. पहिल्यांदा झालं ते दाढेसाठी अँटिबायोटिकचा कोर्स घेतला त्यानंतर. मैत्रिणीने सांगितलेलं मलम औषधाच्या दुकानातून आणलं. तीन दिवसांत बरं वाटलं, बंद केलं. पुन्हा झालं, पुन्हा तेच मलम. आता तिसऱ्या वेळी मलम लावलं की उलट जास्तच चुरचुरतं. मी दिवसातून तीनदा धुते, पाण्यात अँटिसेप्टिक घालून, आतूनसुद्धा. तरी असं का? मी अस्वच्छ आहे का? नवऱ्याकडून लागलं असेल का, की माझ्याकडून त्याला लागेल? त्याला मी काही सांगितलेलं नाही, काहीतरी कारणं काढून टाळतेय. पुढे यातून काही गंभीर तर होणार नाही ना? डॉक्टरकडे जायची लाज वाटते, आणि एवढ्यासाठी काय जायचं असंही वाटतं. कृपया नाव छापू नका.

ता. क. हल्ली रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं आणि तहानही फार लागते. आईला डायबेटिस आहे, पण त्याचा याच्याशी संबंध नसावा.

उत्तर :

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तुम्ही पत्र संपवल्यावर लिहिला आहे. दवाखान्यातही हे रोज घडतं. सगळं बोलून झालेलं असतं, पर्स खांद्याला लागलेली असते, आणि दारापाशी पोचलेली बाई वळून म्हणते, "डॉक्टर, एक राहिलंच." पुष्कळदा ती त्या राहिलेल्या एकासाठीच आलेली असते. म्हणून मी आधी ता. क. घेते, बाकीचे प्रश्न नंतर.

रात्री उठून लघवीला जाणं, न भागणारी तहान, आईला मधुमेह आणि आठ महिन्यांत तिसऱ्यांदा ही तक्रार. या चार गोष्टी एकाखाली एक लिहिल्या की कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिला शब्द येईल तो साखर. संबंध नसावा असं तुम्ही म्हणता. असू शकतो, आणि असला तर चांगला घट्ट असतो. रक्तात साखर वाढली की ती लघवीत आणि योनीमार्गाच्या पेशींमध्येही वाढते. ज्या बुरशीमुळे अशी खाज येऊ शकते, तिला आयतं खाणं मिळतं. तिच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी त्याच साखरेमुळे मंदावलेल्या असतात. काही बायकांच्या बाबतीत मधुमेह पहिल्यांदा लक्षात येतो तो याच खाजेमुळे. तोवर त्यांना आपल्याला साखर आहे याचा पत्ताही नसतो.

तेव्हा या आठवड्यात दोन तपासण्या करून घ्या : उपाशीपोटी रक्तातली साखर आणि एचबीए१सी. ही दुसरी तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांतली साधारण सरासरी दाखवते, त्यामुळे आदल्या दिवशी काय खाल्लं याने ती फसत नाही. उपाशीपोटी १२६ किंवा त्याच्या वर, एचबीए१सी साडेसहा टक्के किंवा त्याच्या वर, असं काही आलं तर ते मधुमेहाच्या पट्ट्यात मोडतं आणि पुढची पावलं टाकावी लागतील. सोबत लघवीची साधी तपासणीही करा, कारण वारंवार लघवीला होणं आणि आग होणं हे मूत्रमार्गाच्या संसर्गानेही होतं. सगळं व्यवस्थित निघालं तर उत्तमच. पण हे बघितल्याशिवाय मलमाची चौथी ट्यूब आणायची नाही.

जाता जाता, ज्यांना मधुमेह आहे हे आधीच माहीत आहे अशा वाचकांसाठी एक गोष्ट. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. औषध म्हणून त्या चांगल्या आहेत, पण साखर ज्या वाटेने बाहेर पडते तिथे बुरशी धरणं हा त्यांचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे, बायकांत जास्त आणि पुरुषांतही. गोळी सुरू झाल्यावर खाज सुरू झाली असेल तर ती मनाने बंद करू नका, पण लिहून देणाऱ्याला सांगा.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी अस्वच्छ आहे का? नाही. उलट तुम्ही जरुरीपेक्षा जास्त स्वच्छ आहात, त्याकडे येतेच. आधी हा त्रास किती जणींना होतो ते बघा. शंभर बायकांपैकी सुमारे ७५ जणींना आयुष्यात एकदा तरी योनीमार्गात बुरशीचा संसर्ग होतो आणि ४० ते ४५ जणींना दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा. म्हणजे चौघी गप्पा मारत बसल्या असतील तर त्यातल्या तिघींना हे झालेलं असतं किंवा होणार असतं. पण चौघी गुडघ्यांवर बोलतील, केसगळतीवर बोलतील, पाळीवरही बोलतील. हा विषय काही निघणार नाही. मग प्रत्येक जण घरी जाऊन समजते की हे आपल्या एकटीचंच.

वर्षात तीन किंवा त्याहून जास्त वेळा झालं तर आम्ही त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतो. तुमच्या तिन्ही वेळा खरोखर बुरशीच्याच असतील तर तुम्ही त्या गटात येता. हा गट टक्केवारीने लहान आहे, पण जगाच्या लोकसंख्येत लहान टक्काही केवढा होतो बघा : २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार दरवर्षी सुमारे १३ कोटी ८० लाख स्त्रिया यातून जातात.

मी मुद्दाम 'बुरशीच्याच असतील तर' असं म्हटलं. त्याचं कारण आपल्या भाषेत दडलेलं आहे. 'अंगावरून पांढरं जातं' या एका वाक्यात आपण पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत जातं ते पारदर्शक, बोटांत ताणलं की तार धरणारं पाणी. ते अगदी निरोगी. पाळीच्या आधी थोडं दाट, दुधी जातं, तेही निरोगी. पातळ, राखाडी आणि माशासारखा वास येणारा स्राव असेल तर बहुधा जिवाणूंचं गणित बिघडलेलं असतं, त्यावरचं औषध वेगळं. हिरवट-पिवळं, फेसाळ जात असेल तर ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा संशय घ्यावा लागतो, तिथे नवरा-बायको दोघांनाही औषध लागतं. बुरशीचं जातं ते घट्ट, चोथ्यासारखं, वास जवळजवळ नसलेलं, आणि सगळ्यावर कडी म्हणजे खाज. तुमचं वर्णन बुरशीशी जुळतं हे खरं. पण पुस्तकातल्या वर्णनाप्रमाणे वागायचं कुठल्याही दुखण्याने कबूल केलेलं नसतं.

या बुरशीचं नाव कॅन्डिडा आल्बिकान्स. गंमत म्हणजे नावातले दोन्ही शब्द लॅटिनमध्ये पांढरेपणाचेच आहेत. निवडणुकीला उभा राहतो तो 'कॅन्डिडेट'ही त्याच घराण्यातला, कारण प्राचीन रोममध्ये उमेदवार पांढराशुभ्र झगा घालून मतं मागायला निघत. म्हणजे 'पांढरं जातं' म्हणणाऱ्या आपल्या बायका आणि नाव ठेवणारे शास्त्रज्ञ एकाच गोष्टीकडे बघत होते.

ही बुरशी बाहेरून येऊन हल्ला करते अशी बहुतेकींची समजूत असते. तसं नसतं. काहीही त्रास नसलेल्या शंभर बायका तपासल्या तर दहा ते वीस जणींच्या योनीमार्गात ती सापडेल, गपचूप एका कोपऱ्यात राहत असलेली. ती आतड्यातही राहते. तिच्या शेजारी लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू मोठ्या संख्येने असतात. अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १८९२ मध्ये त्यांचं वर्णन केलं. हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ३.८ ते ४.५ च्या आसपास ठेवतात. अँटिबायोटिक दाढेतल्या जंतूंना मारतं तसं या शेजाऱ्यांनाही मारतं, बुरशीला मात्र त्याने काही होत नाही. मोकळं रान मिळालं की ती वाढते. तुमची पहिली वेळ बहुतेक अशीच. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत अँटिबायोटिक घेतलेल्या बायकांपैकी सुमारे २३ टक्के जणींना नंतर हा त्रास झाला. त्याच चाचणीत काही जणींना लॅक्टोबॅसिलस तोंडाने, काहींना योनीमार्गातून, तर काहींना दोन्ही वाटांनी दिले होते, आणि त्याने काडीचा फरक पडला नाही. म्हणून महागड्या प्रोबायोटिक कॅप्सूल घेऊ का, असं कुणी विचारलं तर मी पैसे वाचवायला सांगते.

'चांगले जंतू मेले, आम्लता बिघडली, बुरशी वाढली' ही गोष्ट मात्र वाटते तितकी सरळ नाही. बुरशीच्या संसर्गात तिथला पीएच बहुधा आहे तसाच राहतो, आणि लॅक्टोबॅसिलस भरपूर असतानाही कित्येकींना खाज सुटते. खरा फरक पडतो तो बुरशी रूप बदलते तेव्हा. एरवी गोल कण म्हणून असणारी ती लांब धागे काढते, धागे पेशींच्या थरात घुसतात आणि कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडतात. हे विष २०१६ मध्ये ओळखलं गेलं, म्हणजे आमच्या पिढीने डॉक्टरकीच्या परीक्षा दिल्या तेव्हा त्याचं नावही कुणाला माहीत नव्हतं. पेशी दुखावल्या की शरीर पांढऱ्या पेशींची फौज पाठवतं, आणि लाली, सूज, खाज यांतला मोठा वाटा त्या फौजेचा असतो. म्हणून तेवढीच बुरशी एकीच्या अंगात वर्षानुवर्षं निमूट राहते आणि दुसरीला रात्रभर झोपू देत नाही. यात कुणाची स्वच्छता कमी पडलेली नसते.

इस्ट्रोजेनचाही हात आहे. हे संप्रेरक योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचाच एक प्रकार, साठवायला लावतं आणि बुरशीला ते मानवतं. त्यामुळे पाळी सुरू व्हायच्या आधीच्या मुलींत आणि पाळी गेलेल्या बायकांत हा संसर्ग विरळा, गरोदरपणात जास्त, आणि इस्ट्रोजेनचं प्रमाण जास्त असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांवरही थोडा जास्त. कित्येकींना पाळीच्या आधीच्या आठवड्यात खाज वाढते आणि पाळी आली की उतरते. तुमच्या तीन वेळा महिन्यातल्या कोणत्या दिवसांत होत्या, आठवतं का बघा. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, किंवा कुठल्याही आजाराने वा औषधाने प्रतिकारशक्ती उतरली असेल, तरी धोका वाढतो. घट्ट कपडे, नायलॉनची अंतर्वस्त्रं यांच्याविरुद्धचा पुरावा कच्चाच आहे. सुती आणि सैल घातलं तर त्वचेला बरं वाटतं, तेवढ्यासाठी घाला. गोड सोडल्याने हे बरं होतं असं खात्रीने सांगण्यासारखंही काही नाही, अर्थात साखर नॉर्मल असेल तर.

आता धुण्याबद्दल. हा परिच्छेद दोनदा वाचा.

योनीमार्ग आतून धुवायचा नसतो. त्याची साफसफाई तो स्वतः करतो. रोज थोडासा स्राव जातो तो त्याच कामाचा भाग. तुम्ही आत अँटिसेप्टिक घालता तेव्हा दाढेच्या औषधाने मारले गेलेले शेजारी जेमतेम पुन्हा उभे राहत असतात, त्यांना दिवसातून तीनदा परत मारता. बाहेरच्या भागाची त्वचा तर पापणीइतकी नाजूक. जमीन पुसायच्या पाण्यात घालतो तसलं द्रावण तिच्यावर रोज पडलं की ती कोरडी होते, भेगाळते, चुरचुरते. जितकं चुरचुरतं तितकं तुम्ही धुता, आणि जितकं धुता तितकं चुरचुरतं. हे आजपासून बंद. बाहेरून फक्त साधं पाणी, दिवसातून एकदा, फार तर दोनदा, आणि मऊ कापडाने टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. 'खास त्या जागेसाठी' म्हणून विकले जाणारे सुगंधी वॉश, वाइप्स, स्प्रे, सुगंधी पॅड यांपैकी काहीही नको. बाईच्या अंगाला फुलांचा वास यायलाच हवा, हे कुणी ठरवलं देव जाणे. स्वयंपाकघरातलंही काही आत घालायचं नाही, कुणीही कितीही खात्रीने सांगितलं तरी.

मलमाने उलट जास्त चुरचुरतं हे तुम्ही लिहिलंत, ते मला साखरेच्या खालोखाल महत्त्वाचं वाटतं. मलमात औषध ज्यात कालवलेलं असतं त्यातल्या एखाद्या रसायनाचीच तुमच्या त्वचेला ॲलर्जी असू शकते. अँटिसेप्टिकने सोललेल्या त्वचेवर काहीही लावलं तरी झोंबणारच. बुरशी वेगळ्या जातीची असू शकते. किंवा या वेळी ही बुरशी नसेलच. ट्यूब हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. एकाच मलमात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड असं तिहेरी मिश्रण असेल तर ती ट्यूब बाजूला ठेवा. स्टेरॉइडने लाली दोन दिवसांत उतरते, म्हणून असली मलमं जादूची वाटतात. पण असं मनाने पुन्हा पुन्हा लावत राहिलं तर त्वचा पातळ होते आणि बुरशीला उलट फावतं.

तुम्ही स्वतः निदान केलंत म्हणून मी रागावणार नाही, कारण सगळ्याच करतात. पण त्यात चुकण्याचं प्रमाण मोठं आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, आपल्याला बुरशीच झाली आहे असं समजून दुकानातून औषध घेतलेल्या ९५ जणींना तपासलं. खरोखर फक्त बुरशी निघाली ती जेमतेम एक तृतीयांश जणींत. बाकीच्यांत जिवाणूंचा बिघाड, मिश्र संसर्ग, त्वचेची जळजळ, आणि काहींत चक्क काहीच नाही. हे दुखणं घरोघरचं आहे ना, त्याचाच हा तोटा : खाली खाज म्हटलं की बाई, तिची मैत्रीण, दुकानदार आणि घाईतला डॉक्टर, सगळे एकाच उत्तरावर येऊन थांबतात.

त्या घाईतल्या डॉक्टरांत मीही होते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत बावन्न वर्षांच्या एक बाई माझ्याकडे यायच्या. खाज, रात्री जास्त. त्यांना तपासणीच्या टेबलावर झोपायचा संकोच होता, बाहेर रांग होती, आणि मला वर्णन पुरेसं वाटलं. तीनदा मी त्याच योनीत ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या. चौथ्यांदा आल्या तेव्हा म्हटलं, आज बघितल्याशिवाय सोडणार नाही. दिव्याखाली बघितलं तर बाहेरची त्वचा पांढुरकी, चमकणारी, पतंगाच्या कागदासारखी पातळ आणि बारीक सुरकुतलेली, खाजवून दोन ठिकाणी फाटलेली. बुरशीचा मागमूस नाही. तो लायकेन स्क्लेरोसस होता, त्वचेचा विकार. त्याला बुरशीचं औषध उपयोगाचं नाही, जोरकस स्टेरॉइड मलम लागतं, तेही डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं, कारण क्वचित त्यात कर्करोग होतो. खूण माझ्यासमोरच होती : पाळी जाऊन दोन वर्षं झालेली, मधुमेह नाही, हार्मोन्स चालू नाहीत, अशा बाईला बुरशी सहसा होत नाही. त्या बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेव्हापासून दुसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आलेल्या बाईला बघितल्याशिवाय मी औषध लिहीत नाही.

तपासणी म्हणजे नेमकं काय होतं, हे माहीत असलं की लाज थोडी कमी होते. कापसाच्या काडीने स्राव घेतात. रक्त काढण्यापेक्षा कमी त्रास, आणि वेळ एखादं मिनिट. पीएचच्या कागदाची पट्टी टेकवून रंग बघतात. काडीवरचा स्राव काचेच्या पट्टीवर लावून वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्याने बाकीच्या पेशी विरघळून विरळ होतात; बुरशीची भिंत चिवट, ती टिकते. सूक्ष्मदर्शकातून बघितलं की फिकट पार्श्वभूमीवर दोऱ्याचे तुटके तुकडे विखुरल्यासारखे धागे दिसतात, आणि त्यांच्या अंगाला बाजूला लहान लहान गोल कण फुटलेले. एकदा बघितलं की विसरत नाही. मागितलंत तर काही डॉक्टर तुम्हालाही दाखवतील, मी दाखवते. 'हे बघा, हे आहे' म्हटल्यावर बाईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला आहे. मनात जे भूत असतं ते इथे साधे दोऱ्याचे तुकडे निघतात.

सूक्ष्मदर्शकातून जवळपास निम्मे संसर्ग निसटतात, म्हणून तुमच्या बाबतीत कल्चरही करायला हवं. त्यात बुरशी वाढवून तिची जात ओळखतात. दहातल्या आठ-नऊ वेळा आल्बिकान्सच निघते. पण ग्लाब्राटा नावाची एक जात आहे, ती नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. तिच्यासाठी योनीत ठेवायच्या बोरिक ॲसिडच्या कॅप्सूल देतात. हे तोंडाने गेलं तर विष आहे आणि गरोदरपणात चालत नाही, तेव्हा ते डॉक्टरनेच द्यावं. आणि उलट बाजूही लक्षात असू द्या : काही त्रास नसताना एखाद्या रिपोर्टात कॅन्डिडा दिसली तर तिला मारत बसायचं नाही.

बुरशीच निघाली तर उपचार अवघड नाही. एरवीच्या साध्या संसर्गाला क्लोट्रिमाझोलचं मलम किंवा योनीत ठेवायच्या गोळ्या एक ते सात दिवस, नाहीतर फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. वारंवार होणाऱ्याला एवढ्याने भागत नाही. त्यात साधारणपणे पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी एकेक गोळी देतात आणि मग सहा महिने आठवड्याला एक. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने सहा महिन्यांअखेर शंभरातल्या नव्वद जणी त्रासमुक्त होत्या. मग गोळ्या थांबवल्या, आणि वर्षाअखेर तो आकडा ४३ वर आला. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कधी परत झालं तर 'माझ्यातच काही खोट आहे' असं वाटून घेणार नाही. फ्लुकोनाझोल रक्त पातळ करणाऱ्या आणि इतरही काही औषधांशी भांडतं, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं डॉक्टरना सांगा. आणि दिवस राहिल्याची थोडीही शक्यता असेल तर आधी ती तपासून घ्या. गरोदरपणात ही गोळी टाळतात, सात दिवसांचं मलम किंवा योनीतल्या गोळ्याच देतात.

नवऱ्याबद्दल. हा संसर्ग लैंगिक आजारांत धरला जात नाही. ज्यांचा कधीच संबंध आलेला नाही अशा मुलींनाही होतो. त्याने तुम्हाला दिला, की तुम्ही त्याला द्याल, हा हिशेब मनातून काढून टाका. काही पुरुषांना लिंगाच्या टोकाशी लाली आणि खाज येते, तसं काही असेल तर त्याने औषध घ्यावं. नसेल तर त्याला औषध देऊन तुमचं परत होणं थांबत नाही. त्रास आहे तोवर संबंध टाळा, कारण दुखतं आणि त्वचा आणखी सोलते. कंडोम वापरत असाल तर योनीतल्या तेलकट मलमांनी रबर कमकुवत होतं, हेही ध्यानात ठेवा. पण कारणं काढून टाळत राहू नका. टाळण्याचा अर्थ तो त्याच्या परीने लावत असेल, आणि तो खऱ्यापेक्षा वाईट असण्याचीच शक्यता जास्त. 'मला खाली बुरशीचा संसर्ग झालाय असं वाटतंय, तपासायला जातेय, बरं होईपर्यंत थांबूया.' एवढं एक वाक्य बस झालं. आणि जमलं तर दवाखान्यात सोबत येतोस का, असंही विचारा.

गंभीर होणार का? बुरशीच्या या संसर्गाने वंध्यत्व येत नाही, कर्करोग होत नाही. मात्र खाजेसोबत ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा व्रण, घाण वास, मध्येच रक्त जाणं यातलं काही असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

डॉक्टरकडे जाताना पाळीचे दिवस टाळा. मलम आजच थांबवा, म्हणजे तपासणीत खरं चित्र दिसेल. आणि आत धुणं तर आजपासून कायमचंच बंद आहे. तोवर थंड पाण्यात भिजवलेला मऊ कपडा ठेवलात आणि बाहेरून साधं पेट्रोलियम जेली लावलंत तर निभेल. एका कागदावर तीन वेळांच्या तारखा, त्या आधीच्या पाळ्यांच्या तारखा, अँटिबायोटिकचं नाव आणि मलमाचं नाव लिहून न्या. ट्यूबच नेलीत तर आणखी चांगलं. शब्द सुचले नाहीत तर कागद पुढे करा आणि म्हणा, 'तिसऱ्यांदा आहे, स्राव तपासून औषध द्याल का?' बघितल्याशिवाय चिठ्ठी लिहायला घेतली तर हेच वाक्य पुन्हा म्हणा. त्यात उद्धटपणा काही नाही. मला कुणी त्या बावन्न वर्षांच्या बाईंच्या पहिल्या खेपेला असं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

साखरेचा आकडा आला की दोन ओळी कळवा. ता. क. मध्ये नको, पहिल्याच ओळीत लिहा.